शून्याने भागलं की काय होतं? गुरुत्वाकर्षण, क्वांटम आणि अनंताची अडचण



चौथी-पाचवीच्या भागाकारात एक जागा अशी येते की तिथे प्रत्येक वर्गात कोणीतरी हात वर करतंच. १ ला १ ने भागा, उत्तर १. ०.१ ने भागा, उत्तर १०. ०.०१ ने भागा, १००. ०.००१ ने भागा, १०००. भाजक लहान होत जातो तसं उत्तर फुगत जातं. मग प्रश्न येतो, "बाई, शून्यानेच भागलं तर?" कॅल्क्युलेटरवर 'एरर' येतं. आपण सांगतो, शून्याने भागाकार करता येत नाही, आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

आजचा लेख त्या 'एरर'बद्दल आहे. कारण जगातले सगळ्यात हुशार भौतिकशास्त्रज्ञ जवळपास शंभर वर्षं याच ओळीवर अडलेले आहेत, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राशी नातं असलेली तीन नावं आहेत, जी आपल्या मुलांना क्वचितच माहीत असतात. अलीकडे मुलं मोबाईलवर 'सगळ्याचा एकच सिद्धांत सापडला' असे व्हिडिओ बघून येतात. आमच्या बेलवलीत सहावीतला मुलगा 'स्ट्रिंग थिअरी' हा शब्द सहज वापरतो. तेव्हा आपल्यालाही थोडं नीट माहीत असलेलं बरं. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे, त्यामुळे समीकरणं इथे नाहीत. भागाकार येत असेल तर लेख कळेल.

आधी मूळ अडचण. इलेक्ट्रॉन हा कण आपण चित्रात ठिपका म्हणून काढतो. भौतिकशास्त्रातही तो ठिपकाच धरतात, म्हणजे आकार शून्य. त्याच्याभोवती विद्युत क्षेत्र असतं आणि त्या क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. जितकं जवळ जावं तितकं क्षेत्र तीव्र. ठिपक्यापर्यंतची सगळी ऊर्जा मोजायला गेलं की हिशोबात कुठेतरी 'एक भागिले अंतर' येतं आणि अंतर शून्य होतं. उत्तर अनंत. आइन्स्टाइन म्हणतात ऊर्जा म्हणजेच वस्तुमान, मग इलेक्ट्रॉनचं वस्तुमान अनंत व्हायला हवं. प्रत्यक्षात ते अतिशय हलकं आणि नीट मोजलेलं आहे. क्वांटमचे नियम लावल्यावर हे अनंत जरा सौम्य होतं, पण जात नाही.

याला 'उच्च ऊर्जेचे अनंत' का म्हणतात, तेही इथेच सांगते. उल्हास नदीच्या पाण्यात एक बारीक काठी रोवा. मोठी लाट काठीला जुमानत नाही, सरळ पुढे जाते. छोटी तरंगं मात्र काठीला अडतात, वळतात, आणि त्यावरून तिथे काठी आहे हे कळतं. म्हणजे बारीक गोष्ट 'बघायची' तर बारीक लाट लागते. क्वांटमच्या जगात लाट जितकी बारीक तितकी तिची ऊर्जा जास्त. म्हणून अगदी कमी अंतर आणि अगदी जास्त ऊर्जा या एकाच नाण्याच्या दोन बाजू. अंतर शून्याकडे नेलं की ऊर्जा अनंताकडे जाते.

अनंत उत्तर आलं म्हणजे निसर्ग बिघडला असं नसतं, आपल्या समजुतीत काहीतरी राहिलेलं असतं. याचं सुंदर उदाहरण म्हणजे लोहाराच्या भट्टीतलं लोखंड. तापलेली वस्तू किती प्रकाश देईल, याचा हिशोब एकोणिसाव्या शतकातल्या नियमांनी केला, तर जांभळ्या रंगाच्या पलीकडे अनंत ऊर्जा बाहेर पडायला हवी होती. तसं झालं असतं तर चुलीसमोर बसणं अशक्य झालं असतं. मॅक्स प्लांक यांनी डिसेंबर १९०० मध्ये सुचवलं की ऊर्जा सलग धारेसारखी न सुटता पुड्यांमध्ये सुटते. अनंत गायब झालं आणि क्वांटम विज्ञान जन्माला आलं.

आता इलेक्ट्रॉनच्या अनंताचं काय केलं? ते समजायला वाण्याच्या दुकानात जाऊ. सुटं तेल डब्यात घ्यायचं असेल तर दुकानदार आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो, मग तेल ओततो. आपल्याला डब्याच्या वजनाशी देणंघेणं नसतं, तेलाचं वजन बरोबर आलं पाहिजे. तोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांनी १९४० च्या दशकात साधारण असंच केलं. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि विद्युतभार हे दोन आकडे प्रयोगातून घ्या, सगळे अनंत त्या दोन धड्यांमध्ये जमा करा, आणि बाकीचे हिशोब त्यांच्या तुलनेत करा. तिघांना १९६५ चं नोबेल मिळालं. फाइनमन यांना स्वतःला ही पद्धत म्हणजे अनंताला गालिच्याखाली लोटणं वाटायचं. पण तिने सांगितलेलं इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रयोगाशी दहा-बारा अंकांपर्यंत जुळतं. विज्ञानात इतकी जुळणी फार कमी ठिकाणी आहे.

यातली खरी गोम लक्षात घ्या: धडे दोनच. दोन आकडे प्रयोगाला विचारले की पुढचे हजारो आकडे सिद्धांत स्वतः सांगतो. म्हणून तो सिद्धांत उपयोगाचा.

गुरुत्वाकर्षणाला हीच युक्ती लावायला गेलं की दुकान बंद पडतं. कारण असं. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार ऊर्जा वाढवली तरी जवळपास तेवढाच राहतो. गुरुत्वाकर्षण मात्र ऊर्जेलाच ओढतं. ऊर्जा दहापट केली तर त्याचा जोर शंभरपट होतो. जितकं बारीक बघायला जाल तितकं ते अनावर होत जातं. हिशोबाच्या प्रत्येक पायरीवर नव्या प्रकारचा अनंत निघतो आणि त्याला नवा धडा लागतो. तो आकडा प्रयोगाला विचारावा लागतो. पुढच्या पायरीला आणखी एक, मग आणखी. डबे संपतच नाहीत. अनंत आकडे आधी विचारून घेणारा सिद्धांत स्वतःहून काय सांगणार? १९७४ मध्ये 'ट हूफ्ट आणि व्हेल्टमन यांनी दाखवलं की पदार्थासह गुरुत्वाकर्षण घेतलं तर पहिल्याच पायरीवर हे होतं. पदार्थ काढून नुसतं गुरुत्वाकर्षण ठेवलं तर दुसऱ्या पायरीवर होतं, हे १९८० च्या दशकात गोरॉफ आणि सान्योत्ती यांनी दाखवलं.

इथे थोडं थांबून एका माणसाबद्दल सांगते. क्वांटम आणि गुरुत्वाकर्षण यांचं जुळणं साधं नाही, अवकाशाची आपली कल्पनाच बदलावी लागेल, हे ओळखणाऱ्या पहिल्या लोकांत मात्वेइ ब्रॉनस्टाइन हा रशियन तरुण होता. सन १९३६. त्याचा मुद्दा आजच्या भाषेत असा: खूप लहान जागेत बघायचं तर खूप ऊर्जा तिथे कोंबावी लागते, आणि एका मर्यादेपुढे ती ऊर्जाच इतकी जड होते की तिथे कृष्णविवर बनतं. बघायला गेलात तर बघायची जागाच नाहीशी! हा ब्रॉनस्टाइन लहान मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहायचा. स्टालिनच्या काळात त्याला अटक झाली आणि १९३८ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, गोळी घालून मारण्यात आलं. मुलांसाठी लिहिणारे आपण सगळे त्याचे भाऊबंद, म्हणून त्याचं नाव इथे घेतलं.

ती मर्यादा म्हणजे प्लांक लांबी. दशांश चिन्हानंतर ३४ शून्यं आणि मग १६, इतके मीटर. मुलांना कळेल असं सांगायचं तर, प्लांक लांबी मोहरीच्या बारीक दाण्याएवढी, एक मिलिमीटर केली, तर त्याच प्रमाणात एक प्रोटॉन दहा-अकरा प्रकाशवर्षं रुंद होईल. सूर्यानंतरचा सर्वात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. आणि तिथे पोचायला लागणारी ऊर्जा? प्लांक ऊर्जा वीजबिलाच्या भाषेत साधारण ५४० युनिट होते. आपल्या घरी ती काही महिन्यांत वापरली जाते, त्यात विशेष काही नाही. पण ती सगळी एकाच कणात भरायची आहे. जिनिव्हाजवळचं २७ किलोमीटर घेराचं यंत्र जेवढं देतं त्याच्या ही जवळपास एकावर पंधरा शून्यं इतकी पट. म्हणजे सरळ प्रयोग करून बघू, हा रस्ता नजिकच्या काळात तरी नाही.

मग शून्याने भागायची वेळच येऊ द्यायची नाही, असं करता येईल का? यावर आपल्या मुंबई-पुण्यात काम झालंय. थाणू पद्मनाभन हे मूळचे तिरुवनंतपुरमचे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जयंत नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली, १९८३ मध्ये, विषय क्वांटम विश्वरचना. पुढे १९९२ पासून ते पुण्याच्या आयुकात होते आणि २०२१ मध्ये पुण्यातच वारले. नारळीकर सरांचं नाव आपल्या घराघरात आहे, पद्मनाभन यांचं असायला हवं होतं असं मला वाटतं.

त्यांची एक कल्पना चौथीच्या फळ्यावर लिहिता येते. हिशोबात 'एक भागिले अंतराचा वर्ग' येतो, त्याऐवजी 'एक भागिले, अंतराचा वर्ग अधिक एका छोट्या ठरावीक लांबीचा वर्ग' असं घ्या. ती छोटी लांबी म्हणजे प्लांक लांबीच्या आसपासची. अंतर मोठं असेल तेव्हा ही भर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण अंतर शून्य झालं तरी भाजक शून्य होत नाही. उत्तर प्रचंड येतं, पण अनंत येत नाही. वर्गात करून बघा: छोटी लांबी ०.१ धरा. अंतर १ असताना जुनं उत्तर १, नवं ०.९९. अंतर ०.१ असताना जुनं १००, नवं ५०. अंतर शून्य असताना जुनं 'एरर', नवं १००. कॅल्क्युलेटर गप्प बसत नाही!

अर्थात अशी भर हाताने टाकणं म्हणजे उत्तर बघून उदाहरण सोडवणं झालं. पद्मनाभन तेवढ्यावर थांबले नाहीत. १९९७ मध्ये त्यांनी दाखवलं की कणाचा मार्ग मोजताना एखादी लांबी आणि तिची 'उलटी' लांबी यांना निसर्ग एकच किंमत देतो असं मानलं, तर ही भर आपोआप निघते. म्हणजे एका ठरावीक लांबीपेक्षा दहापट लांब मार्ग आणि दहापट आखूड मार्ग हिशोबात सारखेच. मग फार आखूड होण्यात काही अर्थच उरत नाही. पण निसर्ग खरंच असं मानतो का, हा प्रश्न गृहीतकात जाऊन बसला. अनंत गेलं, त्याच्या जागी एक अट आली.

दुसरं नाव अभय अष्टेकर. जन्म १९४९, शिरपूर, जिल्हा धुळे. शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, शिकागो विद्यापीठातून १९७४ मध्ये पीएच.डी., पुढे अनेक वर्षं पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात. २०१८ मध्ये त्यांना अमेरिकन फिजिकल सोसायटीचं आइन्स्टाइन पारितोषिक मिळालं.

१९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांमध्ये लिहिली. नवा नियम नाही, तोच नियम वेगळ्या भाषेत. पण या भाषेत गुरुत्वाकर्षणाची समीकरणं इतर बलांच्या समीकरणांसारखी दिसू लागली, आणि जिथे वाट बंद होती तिथे दार किलकिलं झालं. आपणही अवघड अपूर्णांक दशांशात लिहून सोपा करतो, तसंच. यावर रोव्हेली, स्मोलिन आणि इतरांनी काम करून जो सिद्धांत उभा केला त्याला लूप क्वांटम ग्रॅव्हिटी म्हणतात.

त्यांचं म्हणणं असं की अवकाश मुळात सलग नाही. पैठणीचा पदर लांबून सलग दिसतो, पण भिंगातून पाहिला की धागे दिसतात, आणि दोन धाग्यांच्या मध्ये 'कापड' नसतं. तसंच क्षेत्रफळालाही सर्वात लहान तुकडा आहे. एका चौरस सेंटिमीटरमध्ये असे तुकडे एकावर ६५ शून्यांच्या आसपास मावतील. गंमत म्हणजे हे त्यांनी आधी ठरवून घेतलेलं नाही. क्वांटमचे नियम अवकाशाच्या भूमितीला लावल्यावर ते हिशोबातून बाहेर आलं. शून्यापर्यंत जायला रस्ताच नाही, मग शून्याने भागायची वेळ कशी येणार?

याचा सगळ्यात मोठा परिणाम विश्वाच्या सुरुवातीबद्दल आहे. तिथला अनंत जरा वेगळ्या जातीचा आहे, हे लक्षात असू द्या. वर सांगितला तो हिशोबाच्या पायऱ्यांमधला अनंत. हा प्रत्यक्ष वस्तूच्या घनतेचा. आइन्स्टाइनच्या समीकरणांनुसार महास्फोटाच्या क्षणी घनता अनंत होते. २००६ मध्ये अष्टेकर, पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी विश्वाच्या एका सोप्या नमुन्यावर हिशोब करून दाखवलं की घनता एका कमाल आकड्यापर्यंत चढते, तिथे गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजी ढकलू लागतं, आणि विश्व चेंडूसारखं उसळी घेतं. म्हणजे महास्फोटाच्या आधीही विश्व होतं, आकुंचन पावणारं. 'सोपा नमुना' हे शब्द मात्र व्हिडिओवाले हमखास गाळतात. सगळीकडे सारखंच पसरलेलं विश्व धरून तो हिशोब आहे. खरं विश्व खडबडीत आहे, त्यात दीर्घिका आहेत, पोकळ्या आहेत.

आणि आणखी एक. लूपवाल्यांचा दावा 'सगळ्याचा एकच सिद्धांत' असा नाहीच. ते फक्त गुरुत्वाकर्षणाला क्वांटम करतात. इलेक्ट्रॉन, क्वार्क हे त्या कापडावरचे पाहुणे. सगळं एकाच सूत्रात ओवायचा दावा आहे स्ट्रिंग सिद्धांताचा.

स्ट्रिंगवाले म्हणतात, ठिपकाच काढून टाका. कण म्हणजे ठिपका नसून अतिसूक्ष्म तार आहे. वीणेची एकच तार वेगवेगळे स्वर देते तशी ही तार एका प्रकारे थरथरली की इलेक्ट्रॉन, दुसऱ्या प्रकारे थरथरली की गुरुत्वाकर्षणाचा कण. दोन ठिपके एकमेकांना भिडतात ते एका बिंदूत, म्हणून अंतर शून्य. दोन तारा भिडतात तेव्हा अशी एक नेमकी जागा दाखवता येत नाही, भेट थोडी पसरलेली असते. त्यामुळे उच्च ऊर्जेचा अनंत विरघळतो. हे सुरुवातीच्या पायऱ्यांवर नीट सिद्ध झालंय, पुढच्या पायऱ्यांवरही तसंच होईल असं मानायला भक्कम कारणं आहेत. पण सगळ्या पायऱ्यांची बेरीज करायला गेलं तर ती बेरीजच एका आकड्यावर स्थिरावत नाही. शिवाय किंमत मोजावी लागते: लांबी, रुंदी, उंची आणि काळ या चारऐवजी दहा मिती.

या शाखेत अतिश दाभोलकर यांचं नाव आहे, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचे पुतणे. अनेक वर्षं टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, आणि २०१९ पासून इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या, अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे ते संचालक झाले. कृष्णविवराच्या आत किती प्रकारच्या मांडण्या दडलेल्या आहेत, ही मोजणी त्यांच्या कामाचा मोठा भाग. हॉकिंग यांच्या सूत्राने बाहेरून जो आकडा येतो, तोच तारांच्या मांडण्या एकेक करून मोजल्यावर आतून येतो का? काही खास, आदर्श कृष्णविवरांसाठी येतो, आणि फार बारकाव्याने येतो. मला तरी स्ट्रिंगच्या बाजूचा हा पुरावा 'अनंत निघत नाही' यापेक्षा वजनदार वाटतो. कारण इथे दोन वेगळ्या रस्त्यांनी जाऊन एकच उत्तर आलंय, आपण वर्गात भागाकाराचा ताळा गुणाकाराने करतो तसं.

मग पालकांचा सरळ प्रश्न: असा एकीकृत सिद्धांत अनंत टाळतो की नाही? बऱ्याच अंशी टाळतो, आणि एकापेक्षा जास्त सिद्धांत टाळतात. अडचण तिथेच आहे. लूप टाळते, तारा टाळतात, पद्मनाभनांची किमान लांबी टाळते. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७० च्या दशकात आणखी एक शक्यता मांडली होती, की फार वरच्या ऊर्जेला गुरुत्वाकर्षणाचा जोर वाढायचा थांबून स्थिरावत असेल. तसं असेल तर तार नको, लूपही नको. पाच मुलांनी पाच रीतींनी गणित सोडवलं आणि कुणाच्याच उत्तरात 'एरर' नाही, तरी पाचही रीती बरोबर असतील असं नव्हे. उत्तरपत्रिका तपासायला निसर्गच लागतो.

याआधी निसर्गाने ती तपासून दिली आहे. किरणोत्सर्गातल्या एका प्रकारासाठी एन्रिको फर्मी यांनी १९३० च्या दशकात मांडलेला सिद्धांत कमी ऊर्जेला छान चालायचा, पण ऊर्जा वाढवत नेली की बिघडायचा. अगदी आजच्या गुरुत्वाकर्षणासारखा. तो बिघाड सांगत होता की मध्ये काही जड कण लपलेले आहेत. नव्या सिद्धांताने त्यांची वस्तुमानं आधीच वर्तवली, आणि १९८३ मध्ये जिनिव्हाला ते कण सापडले. तिथे यंत्र त्या ऊर्जेपर्यंत पोचू शकत होतं. प्लांक ऊर्जेपर्यंत पोचत नाही, एवढाच काय तो फरक, आणि तोच मोठा.

म्हणून मग आडवाटेने तपासतात. १० मे २००९ रोजी फर्मी यांच्याच नावाच्या उपग्रहाने एका दूरच्या स्फोटाचे गॅमा किरण टिपले. तो प्रकाश सात अब्जांहून जास्त वर्षं प्रवास करत आला होता. अवकाश दाणेदार असेल तर जास्त ऊर्जेचा प्रकाश वाटेत किंचित मागे पडेल, असं भाकीत काही कल्पनांमधून निघत होतं. खडबडीत रस्त्यावर लहान चाकाची गाडी जास्त धडपडते, तसं. त्या स्फोटातला सर्वात जोरकस प्रकाशकण इतका लांब येऊनही सेकंदभराच्या आतच पोचला होता. त्यामुळे त्या कल्पनांचं सर्वात साधं रूप अडचणीत आलं. लूप किंवा स्ट्रिंग यांच्यावर याने काट मारली असं मात्र नाही. दोन्हीतून तसं ठाम भाकीत निघत नव्हतं.

सातवी-आठवीच्या मुलांबरोबर हे करायचं असेल तर ०.१ वाला तक्ता आलेख कागदावर काढून घ्या. एकाच कागदावर दोन रेषा, जुनी आणि नवी. उजवीकडे दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, डावीकडे शून्याजवळ जुनी कागदाबाहेर निघून जाते आणि नवी वळून सपाट होते. मग मुलांना विचारा, फक्त उजवीकडचा भाग मोजता येत असेल तर यातली खरी रेषा कोणती, हे कसं ओळखाल? तास संपेपर्यंत भांडू द्या त्यांना.